मारोतीच्या मांडवातली कन्याशाळा

आमच्या गावात मुलींची शाळा निघाली तेव्हा तिच्या अध्यक्षाला, म्हणजे मला, स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. सत्काराच्या भाषणांत लोक हे फार कौतुकानं सांगतात. स्वतः अडाणी राहून चंपतरावांनी लेकीबाळींसाठी ज्ञानाचं दार उघडलं, वगैरे. मी मान खाली घालून ऐकतो. त्यांना वाटतं, विनयानं घातली.

खरी हकिगत अशी, की अध्यक्ष व्हायला दोन माणसं तयार होती. एक नानाजी, मारोती संस्थानचे विश्वस्त. दुसरे रामराव, गावातले मोठे जमीनवाले. नानाजींना रामराव चालत नव्हते आणि रामरावांना नानाजी. मग दोघांनी मिळून असा माणूस शोधला, जो कुठलाच कागद वाचणार नाही. तो मी. मी मळेवाला. वांगी, टमाटे, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवायची आणि मंगरूळपीरच्या बाजारात नेऊन विकायची, एवढंच मला येत होतं. कागदावर सही तेवढी लागेल म्हणाले, ती माझी नात संस्कृती हिनं शिकवली. ती पुढं अक्षरंही शिकवू लागली. साठी उलटलेला शिष्य मिळाल्यामुळं ती मला फार रागवायची.

शाळेची गरज मात्र खरी होती. गावात जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंत. पुढं मेडशीला एसटीनं जावं लागे. पोरं जायची. पोरींच्या बाबतीत घरोघर एकच वाक्य होतं, "एसटीचा काय भरोसा?" एसटी बिचारी रोज वेळेवर यायची तरी.

तर आठवीचा वर्ग गावातच काढायचा ठरला. जागा पाहिजे होती. गावातली सगळ्यात चांगली इमारत म्हणजे मारोतीच्या देवळाचा नवा सभामंडप. फरशी, पंखे, नळ, वर पत्रे नाहीत, स्लॅब. आम्ही तिघं बसलो, चहा प्यालो, ठरलं. नावावर थोडा वाद झाला. रामरावांना त्यांच्या आईचं नाव द्यायचं होतं, नानाजींना त्यांच्या आईचं. माझ्या आईचं कोणी विचारलं नाही. शेवटी नानाजी म्हणाले, जागा देवाची तर नावही देवाचंच असू द्या. म्हणून श्री मारोती कन्या विद्यालय.

वाशिमला अर्ज घेऊन गेलो तेव्हा तिथल्या बाबूनं ते नाव वाचलं, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं.

"मारोती कन्या?"

"हो साहेब," मी म्हणालो. "जागृत देवस्थान हाये."

घरी येऊन मोठ्या अभिमानानं बायकोला सांगितलं. मनकर्णा भाकरी थापत होती.

"ब्रह्मचारी देवाच्या मांडवात पोरीयची शाळा," ती म्हणाली. "तिघायनं बसून ठरवलं का हे?"

"देव साऱ्याइचा रायते."

"रायते ना," असं म्हणून तिनं भाकरी उलटली.

वाचणाऱ्याला, निदान वाचणारीला, पुढचं सगळं इथंच कळलं असेल. आम्हाला दिवाळी उलटेपर्यंत कळलं नाही.

शाळा सुरू झाली. मंगरूळपीरहून सुप्रिया मॅडम स्कूटीवर येऊ लागल्या. मळ्यातून परत येताना मी रोज देवळाशी थांबायचो आणि पायऱ्यांवरच्या चपला बघायचो. हजेरीपट मला वाचता येत नव्हता, पण कोणत्या पोरीची कोणती चप्पल हे पाठ होतं. पहिले काही दिवस पायऱ्या भरलेल्या दिसल्या. मग चपला कमी होऊ लागल्या. नवल असं, की रोज त्याच पोरी गैरहजर नसायच्या. चार-पाच जणी गायब व्हायच्या, परत यायच्या, तोवर दुसऱ्या गेलेल्या. आल्या की हसतखेळत, खडखडीत.

आम्ही सभा घेतली.

"हिवताप हाये," रामराव म्हणाले. "येते, चार दिवस रायते, उतरते. लक्षन तेच हाये."

आम्ही देवळामागच्या नालीत औषध मारलं, धूर केला. सगळ्या पोरी दिवसभर शिंकल्या. आरोग्य खात्याची आशाताई अंजू हिला बोलावून सांगितलं, की पोरींचं रक्त तपासा, एकीमागून एक पडून राह्यल्या. तिनं आम्हा तिघांकडं आळीपाळीनं पाहिलं. "बरं, पाहतो," म्हणाली आणि निघून गेली. पारापर्यंत तिचं हसणं ऐकू येत होतं. रामराव म्हणाले, सरकारी मानसायले गांभीर्य नाई.

सुप्रिया मॅडमनी एकदा मला बाजूला घेतलं.

"आबा, शाळेला दुसरी जागा बघता येईल का?"

"काहून मॅडम? पंखे हायेत, फरशी हाये."

"तसं नाही. मुलींना जरा अडचण होते."

"कोनती अडचन?"

तेवढ्यात नानाजी घंटा पुसत पुसत जवळ आले. मॅडम म्हणाल्या, "उजेड कमी पडतो."

मी दुसऱ्या दिवशी आणखी ट्यूबलाइट लावून दिल्या. तरीही महिन्यातून काही दिवस मॅडम फळा बाहेर नेऊन पारावरून शिकवायच्या आणि पोरी मंडपात, दाराकडं तोंड करून बसायच्या. मला वाटलं, शहरातली बाई आहे, मोकळी हवा आवडत असेल. सभेत मी त्यांचं अभिनंदनही केलं.

या सगळ्यात एक गोष्ट टांगणीला लागली होती. नववीच्या परवानगीसाठी दिवाळीनंतर तपासणी येणार होती. वर्गात पोरी दिसल्या तर नववी मिळणार, नाही दिसल्या तर आठवीवरच शाळा संपणार. माझा मुलगा गजेंद्र, आठवीतल्या संस्कृतीचा बाप, यानं मला स्पष्ट सांगितलं होतं.

"बाबा, गावात नववी आली तं शिकन. मेडशीले मी पाठवत नाई. पोरगी घरी राहीन, मळ्यात हात लावीन, मंग पुढचं पाहू."

पुढचं म्हणजे काय हे आमच्याकडं कोणाला विचारावं लागत नाही. संस्कृती तिथंच बसली होती. त्या संध्याकाळी माझं अक्षर चुकलं तरी ती रागावली नाही, आणि तेच मला जास्त लागलं.

म्हणून मी कंबर कसली. बाजारात मी इतकी वर्षं बसलेला माणूस. जो ओरडतो त्याचा माल विकला जातो, एवढी विद्या मला होती. देवळावर भोंगा होताच. रोज सकाळी आरती झाली, की चपला बघून मी माइक हातात घ्यायचो आणि गावाला सांगायचो.

"सर्व पालकांना कळविण्यात येते, की उदयसिंग यांची मुलगी देवला आज पुन्हा शाळेत आलेली नाही. कारण काय आहे, त्याचा खुलासा करावा."

ही भाषा मला नानाजींनी पाठ करून दिली होती. ऐकायला फार चांगली वाटायची. पक्षपात नको म्हणून एके दिवशी मी स्वतःच्या नातीचंही नाव घेतलं. "अध्यक्षांची नात संस्कृती कालपासून गैरहजर आहे. अध्यक्षांच्या घरात हे चालणार नाही."

घरी आलो तर संस्कृतीनं पाटी उचलून ठेवली होती.

"आज अक्षरं नाईत का?"

"नाईत," ती म्हणाली. "आनि उद्याबी नाईत."

भोंगा सुरू झाल्यावर चपला वाढतील असा माझा हिशोब होता. त्या झपाट्यानं घटल्या. आधी ज्या चार दिवसांनी परत यायच्या, त्या आता परत येईनाशा झाल्या. देवला तर दिसेचना. आम्हाला वाटलं, सोयाबीनची सोंगणी आहे, पोरी वावरात जात असतील. वावरात जाऊन पाहिलं, तिथंही नव्हत्या.

एकच पोरगी एकही दिवस चुकली नव्हती. निकिता. बारीक, काटकुळी, वर्गात सगळ्यात लहान दिसायची. मी तिचं उदाहरण भोंग्यावरून द्यायचो. ह्या पोरीले ताप येत नाई, हिले सोयाबीन नाई, हिले काईच नाई, मंग तुमालेच काहून? तिला पूर्ण हजेरीचं बक्षीस द्यायचं ठरलं. मी स्वतः मंगरूळपीरहून कंपासपेटी आणली, चकचकीत कागदात बांधली. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडेल त्या सोमवारी सगळ्या गावासमोर कार्यक्रम ठेवला, म्हणजे तपासणीच्या आधी बाकीच्यांना लाज वाटेल.

सोमवारी पायऱ्यांवर निकिताची चप्पल नव्हती.

मी पेटी काखेत मारली आणि तडक तिच्या घरी गेलो. दाराशी केळीचे खुंट बांधले होते. आत बायकाच बायका, नव्या लुगड्यांत, नव्या साड्यांत. शिऱ्याचा वास सुटला होता. सणवार तर काही नव्हता. पण माझं डोकं तापलेलं. मी उंबऱ्यात उभा राहून विचारलं,

"निकिता कुठं हाये?"

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं.

"आख्ख्या गावासमोर बक्षीस ठेवलं तिच्यासाठी, आनि पोरगी घरी? असं काय मोठं झालं बाप्पा, का शाळा बुडवली?"

एकीनं पदर तोंडाला लावला. दुसरीला ठसका लागला. कोपऱ्यात आशाताई अंजू भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. तिच्या शेजारी माझी मनकर्णा होती. ती छताकडं बघत होती, जणू तिचा माझा काही संबंध नाही.

निकिताची आजी मोतीबाई पाटावरून उठली. ती माझ्याहून मोठी. माझ्या लग्नात तिनं मला हळद लावली आहे.

"बस चंपत."

"बसत नाई. मले कारन पाह्यजे."

"कारन पाह्यजे तुले?"

"पाह्यजे. भोंग्यावर सांगा लागते."

मग मात्र हसू फुटलं. बायका एकमेकींच्या अंगावर पडून हसल्या. एक मोतीबाई तेवढी हसली नाही.

"पोरीले न्हान आलं," ती म्हणाली. "जाय, सांग भोंग्यावर."

आमच्याकडं काही घरांत अजून हे करतात. मुलगी पहिल्यांदा दूर बसली, की चार दिवस झाल्यावर तिला न्हाऊ घालून, पाटावर बसवून ओटी भरतात. बायकांचा कार्यक्रम, तिथं पुरुषमाणूस फिरकत नाही. मी तिथं उभा होतो, काखेत कंपासपेटी घेऊन. कोणीतरी म्हणालं, "आनलीच हाये तं ओटीत टाका." मोतीबाईनं ती माझ्या हातातून घेतली आणि आतल्या खोलीत नेली. नारळ, तांदूळ, हळकुंड आणि कंपासपेटी.

मी चपलाही न घालता बाहेर पडलो. मोतीबाई माझ्या चपला हातात घेऊन मागं आली.

"आयक," ती म्हणाली. "तुया मारोतीच्या मांडवात पोरीले चार दिवस पाय ठेवता येत नाई, थे आमी समजून घेतो. जनमभर घेतलं. चार दिवस बुडली तं बुडली, पाचव्या दिवशी गेली असती. पन तू त्या भोंग्यावरून साऱ्या गावाले सांगून राह्यला, का आज कोन बसली. टवाळ पोट्टे पारावर बसून मोजतेत. देवलाच्या मायनं तिले जऊळक्याले मामाच्या घरी धाडून देल्ली. आता निकिताबी येनार नाई. जाय."

मी विहिरीच्या काठावर जाऊन बसलो. मनात एकेक आठवत गेलं. नालीतलं औषध. ट्यूबलाइट. पारावरून शिकवणाऱ्या मॅडम. आणि माझा स्वतःचा आवाज, आरतीनंतर, चारही दिशांना. अध्यक्षांच्या घरात हे चालणार नाही.

मनकर्णा आली, शेजारी बसली.

"तुले मालूम होतं?"

"मले काय, गावातल्या कुत्र्याले मालूम होतं."

"मंग सांगतलं काहून नाई?"

"इचारलं कवा तुमी? तिघं बसले, तिघायनं चहा पेला, ठरलं. चहा कोनं केल्ता थे तरी ध्यानात हाये का?"

संध्याकाळी मी नानाजी आणि रामराव यांना बोलावलं. पुरुषांनी पुरुषांना हे सांगण्यासाठी शब्द लागतात हे मला तेव्हा कळलं. ते आमच्याकडं नव्हते.

"कारन सापडलं," मी म्हणालो. "ताप नोता."

"मंग?"

"थे होतं."

"कोनतं थे?"

"बायकायचं."

रामरावांना कळलं, आणि त्यांनी खिशातून अडकित्ता काढून सुपारी कातरायला घेतली. सुपारी नव्हतीच, नुसता अडकित्ता चालला. नानाजींनी डोळे मिटून हात जोडले.

"म्हंजे इतले दिवस देवाच्या समोर..."

"नाई नाई," मी म्हणालो. "त्या आल्याच नाईत ना. म्हनून तं हे सारं."

"सोपं हाये," रामराव म्हणाले. "तपासनीची तारीख आपन सोयीनं मागून घेऊ."

"कोनाच्या सोयीनं?" मी विचारलं. त्यांनी पुन्हा अडकित्ता उचलला.

नानाजी शेवटी म्हणाले, "हे पाह्य चंपत. नियम मी मोडनार नाई. उद्या गावावर काई आलं तं लोक माह्या दारात येतीन." मलाही मोडायचा नव्हता. खोटं कशाला सांगू, मारोतीची भीती मलाही आहे. म्हणजे शाळाच हलवायला पाहिजे. पण कुठं? रामरावांचं गोडाऊन सोयाबीननं भरलेलं. समाजमंदिराचं काम अर्धवट. उरली माझ्या मळ्यातली शेड, जिथं आम्ही भाजी निवडतो. मोठी, हवेशीर, रस्त्यापासून आत.

शेड म्हटल्याबरोबर माझी जीभ अडकली. शेडकडं जायची वाट वेलांच्या मांडवाखालून होती. कारली आणि दोडके, त्या वर्षी असे लागले होते, की बाजारातले लोक मळा पाहायला यायचे. आणि वेलाच्या मांडवात दूर बसलेली बाई जात नाही. तिची सावली पडली तरी वेल जळतो. हा नियम नानाजींनी नव्हे, मीच माझ्या मळ्यात घातलेला. माझ्या बापानं त्याच्या मळ्यात घातलेला.

नानाजी आणि रामराव दोघंही माझ्याकडं बघायला लागले. देवाचा नियम त्यांचा होता, आता वेलांचा माझा.

"पाहतो," मी म्हणालो आणि घरी आलो.

मनकर्णाला सांगितलं. म्हटलं, शेड देली असती, पन वेल जळतीन. पोरी थोड्या हायेत का, रोज कोनी ना कोनी असनच. सारा मांडव हातचा जाईन.

ती मिरच्यांची देठं काढत होती. थांबली नाही.

"कोनते वेल जळतीन?"

"आपले. कारले, दोडके."

"तुमी मंगळवारी कोठी रायता?"

"मंगरूळपीरले. बाजारात."

"बाजाराचा माल तोडते कोन?"

"तू. आनि सून."

"मंग महिन्यातून चार दिवस बाजाराचा माल कोन तोडे? तुमचा मारोती?"

तिनं आणखी एक देठ मोडलं.

"लगन झाल्याच्या पयल्या वर्षी सासूबाईले इचारलं. म्हनलं, मी आज बसली, माल कसा तोडू? त्या म्हनल्या, तोड आनि गप राय, बाजार थांबते का? तवापासून तोडून राह्यली. सूनबी तोडते. त्या वर्षी तुमी तो हातभर दोडका बाजारात साऱ्याइले दाखवत फिरले ना, पवित्र मळ्याचा माल हाये म्हनून? थो मी तिसऱ्या दिवशी तोडेल होता."

हा दोडका मला आठवत होता. त्याच्याबरोबर माझा फोटोही काढला होता एका माणसानं.

"इतले वर्ष मले सांगतलं नाई?"

"तुमचे वेल बरे होते ना? मंग कायले सांगू?"

त्या रात्री मला नीट जेवण गेलं नाही, हे खरं. पण सकाळी मी देवळात गेलो. आरती झाली, माइक हातात घेतला. सगळं गाव कान टवकारून असणार हे मला माहीत होतं. बराच वेळ भोंग्यातून नुसता माझा श्वास गेला. नानाजींनी पाठ करून दिलेली भाषा उपयोगाची नव्हती.

"मी चंपत बोलून राह्यलो," मी म्हणालो. "उद्यापासून शाळा माह्या मळ्यातल्या शेडमधी भरन. वेलाखालून वाट हाये. कोनीबी, कोन्याबी दिवशी या. कोनाले काई इचारनार नाई. भोंग्यावर कोनाचं नाव आता येनार नाई. माह्यं चुकलं. हे शेवटचं."

माइक बंद करून वळलो तर नानाजी मागं उभे. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. ते म्हणाले, "फळा जड हाये. बैलबंडी पाठवून देतो."

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये बाक नव्हते. टमाट्याचे प्लास्टिकचे क्रेट उलटे करून मांडले. मनकर्णा आदल्या दिवशी घरोघर फिरून आली होती, तिथं काय बोलली ते मला अजून माहीत नाही. सकाळी मी शेडच्या मागं उभा राहिलो, पुढं यायची हिंमत नव्हती. पोरी वेलांखालून वाकून वाकून येत होत्या. देवला जऊळक्याहून आली होती, तिचा बाप उदयसिंग तिला मोटारसायकलवर सोडून गेला, माझ्याकडं न बघता. शेवटी मोतीबाई निकिताला हाताशी धरून आली. नातीला आत बसवलं आणि स्वतः दाराशी क्रेटवर बसली.

"तू काहून बसली मावशी?" मी विचारलं.

"तुयावर ध्यान ठेवाले," ती म्हणाली.

तपासणी आठवडाभरात आली. एक साहेब आणि एक मॅडम. साहेब आधी देवळात गेले, कारण कागदावर तोच पत्ता होता. तिथून त्यांना नानाजींनी मळ्यात आणलं. साहेबांनी शेड पाहिली, क्रेट पाहिले, वर लोंबणारी कारली पाहिली.

"तिथं फरशी आहे, पंखे आहेत, दिवे आहेत," ते म्हणाले. "एवढी चांगली जागा सोडून इथं का आणली शाळा?"

मी अध्यक्ष. उत्तर मला द्यायचं होतं. मी नानाजींकडं बघितलं, नानाजींनी रामरावांकडं, रामरावांचा हात खिशातल्या अडकित्त्याकडं गेला. सुप्रिया मॅडमनी तोंड उघडलं आणि त्यांचीही नजर आम्हा तिघांवर येऊन थांबली. मला वाटलं, गेली नववी. आम्ही तिघं म्हातारे तोंडातल्या तोंडात चघळत बसणार आणि साहेब लिहिणार, जागा अयोग्य.

क्रेट सरकल्याचा आवाज आला. संस्कृती उभी राहिली होती.

"सर, देवळात आमाले पाळीच्या दिवसांत जाता येत नोतं. म्हनून दर महिन्याले शाळा बुडे. इथं बुडत नाई."

एवढंच. तिची नजर खाली गेली नाही. साहेबांचं पेन हातातल्या हातात फिरलं, त्यांनी घसा खाकरला आणि ते वेलांचं निरीक्षण करू लागले. जे आम्हाला दिवाळी उलटेपर्यंत कळलं नव्हतं आणि कळल्यावर तोंडातून निघालं नव्हतं, ते या पोरीनं एका दमात सांगून टाकलं होतं. दाराशी मोतीबाईनं डोळे पुसले. हसत होती की काय, मला दिसलं नाही.

तपासणीच्या मॅडम संस्कृतीजवळ गेल्या. "बस बाळा," म्हणाल्या. मग त्यांनी सगळ्या पोरींवरून नजर फिरवली. पोरी सगळ्या होत्या. त्यांनी आपल्या कागदावर काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडं वळल्या.

"अध्यक्ष तुम्हीच ना? आठवी इथं बसते, ठीक आहे. नववी कुठं बसवणार?"

मला वाटलं, अडवायला विचारतात. मग कळलं, की ज्याला नकार द्यायचा त्याला कोणी हे विचारत नाही. शेडला लागून मोकळी जागा एकच होती. मी वर पाहिलं. कारली पिकायला आली होती, काही अजून फुलावर होती.

"ह्या मांडवाच्या जागी," मी म्हणालो.

मनकर्णा शेडच्या कोपऱ्यात उभी होती. "इचार करून सांगा," ती हळूच म्हणाली. "पुन्हा तिघं बसून ठरवलं म्हनसान."

"तुले इचारून राह्यलो ना आता."

तिनं मांडवाकडं पाहिलं, मग पोरींकडं. "पयले दोडके उतरवून घेऊ," म्हणाली. "मंग पाडा."

नववीची खोली त्या उन्हाळ्यात उभी राहिली. पुढच्या वर्षी दहावी आली, ती वांग्यांच्या वाफ्यावर. मेडशीकडच्याही काही पोरी आता आमच्याकडं येतात, एसटीनं. संस्कृती वाशिमला नर्सिंग शिकते. संस्थेत आता तीन बायका आहेत आणि सभेत चहा रामराव करतात, फार गोड करतात. शाळेच्या पाटीवर नाव तेच आहे, मारोतीचं. ते बदलायचं कोणाच्या मनात आलं नाही, आणि नानाजी दर शनिवारी फाटकाशी नारळ फोडून जातात.

मळा म्हणावा असा मळा मात्र माझ्याकडं उरला नाही. भाजी मी आता बाजारातून विकत आणतो. काल दोडके आणले. मनकर्णानं एक उचलून दाबून पाहिला आणि टोपलीत टाकला.

"जून हायेत," ती म्हणाली. "दोडके घेतानी मले संगं नेत जा."

मी हो म्हणालो. मंगळवारी दोघं जाणार आहोत.